कागद पुरला नाही

परळ, शनिवार रात्र

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू चिडून विचारलंस, "चित्रं काढून गर्दचं व्यसन सुटतं का रे?" नाही सुटत. टर्कीचे, म्हणजे नशा तोडल्यावर अंग बंड करतं त्याचे, पहिले आठ-दहा दिवस उलट्या, जुलाब, हाडं ठणकणं, डोळ्याला डोळा नाही. तिथे डॉक्टर आणि औषधंच लागतात. पुतण्याला आधी तिकडे ने, रंगपेटी मागाहून घे.

निवृत्तीनंतर मी दर शनिवारी एका व्यसनमुक्ती केंद्रात जातो. थेरपिस्ट नव्हे हं, साधा ड्रॉइंग मास्तर. समुपदेशक बाई शेजारी बसतात, मी कागद वाटतो. टर्पेंटाइन, सोल्युशन (चिकटवायचं, हुंगून नशा करतात ते) आत न्यायचं नाही, वासानेच एखाद्याची तल्लफ उठते. शार्पनर मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे. बाकी खडू, पोस्टर कलर आणि लालबागहून आणलेली शाडूची माती. हात थरथरणाऱ्याला पेन्सिलीपेक्षा माती बरी, हे उशिरा कळलं.

'आर्ट थेरपी' हे नाव १९४२मध्ये एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने रूढ केलं. स्वतःला क्षय झाला, तेव्हा तो सॅनेटोरियममध्ये पडल्या पडल्या चित्रं काढायचा. तिथे त्याला शिकवायला कुणी मास्तर नव्हता, हे बरंच झालं! कारण मी काय केलं, ऐक. एका पोराच्या झाडाची फांदी सवयीने खोडून सरळ केली. पुढचे दोन शनिवार तो वर्गाकडे फिरकला नाही. "सर, सगळे मला सुधारायलाच बसलेत," एवढंच बोलला. तेव्हापासून माझा खोडरबर घरीच असतो.

बाई म्हणतात, व्यसनी माणसाची बोलायची कथा पाठ झालेली असते. घरच्यांना, पोलिसांना, डॉक्टरांना तीच ऐकवून ऐकवून. चित्राची तशी तालीम नसते. मागे सांगितलं, तुमचा रोजचा रस्ता काढा. एकाने रे रोडपासून डॉकयार्डपर्यंत पूल, मुतारी, गर्द ओढायची पन्नी मिळायची ती टपरी, पैसे उसने घेतलेले तिन्ही दुकानदार, सगळं काढलं. बाईंनी हळूच विचारलं, "आणि घर?"

"कागद पुरला नाही."

बाई पुढे काही बोलल्या नाहीत. मलाच राहवत नव्हतं, पण गप्प बसलो. मधे तो बाहेर गेल्यावर एकदा स्लिपही झाला, म्हणजे पुन्हा नशा केली, परत आला. आज त्याने तो जुना कागद मागून घेतला, त्याला चिकटपट्टीने दुसरा जोडला आणि तासभर नुसता जिना काढत बसला. चाळीचा, लाकडी. अजून दुसऱ्या मजल्यावरच आहे.

पुतण्याचं काय ठरतं ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या