ताई, गौरीच्या दिवशी पडवीत बसून जे समजावलंस त्यासाठी

प्रिय ताई,

परवा एमबीएची इंटर्नशिप संपवून घरी आले. भिवंडीच्या गोडाउनमध्ये दोन महिने काढले, आणि चिपळूण स्टेशनला उतरल्यावर पहिली तुझीच आठवण आली. फोनवर मला नीट बोलता येत नाही म्हणून इथे लिहितेय, शिवाय आपल्याकडून लोट्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या अजून कोणाला उपयोग झाला तर बरंच.

येत्या गणपतीला दोन वर्षं होतील बघ. तू मुंबईहून आलेलीस, आत घावन-घाटल्याची गडबड, बाहेर धो धो पाऊस, आणि मी तुला पडवीत गाठून एका दमात सांगून टाकलं की सहा वर्षं लॅबमध्ये टायट्रेशन, म्हणजे रसायनांची तपासणी केली, आता माल कंपनीच्या गेटबाहेर पडल्यावर पुढे जे काम असतं ते मला करायचंय, सप्लाय चेन, आणि त्यासाठी पार्ट टाइम एमबीए करणार, नोकरी सांभाळून. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एवढंच विचारलंस, "क्लास कुठे?" मी म्हटलं मुंबईत. "आणि नोकरी?"

तिथेच मी गप्प झाले. संध्याकाळचा क्लास मुंबईत आणि मी चिपळूणला, म्हणजे नोकरी तशीही सुटणार होती, मग मुंबईत परत लॅबचीच नोकरी शोधायची आणि तीन वर्षं रात्री शिकायचं. तू स्वतः ऑफिस सुटल्यावर विद्यापीठाचा एचआरचा तीन वर्षांचा कोर्स केलास, तरी मला तोच रस्ता धर म्हणाली नाहीस. "मला लाईन बदलायची नव्हती गं, त्याच कंपनीत वर जायचं होतं, त्याला पार्ट टाइम एकदम बरोबर. तुला लाईनच बदलायचीय, तर फुल टाइममधली उन्हाळ्यातली इंटर्नशिप आणि कॅम्पस प्लेसमेंट हेच तुझ्या कामाचं." हे किती खरं होतं ते या दोन महिन्यांत कळलं. माझ्या सहा वर्षांच्या अनुभवात गोडाउन कुठेच नव्हतं, आता आहे.

मग आरतीच्या वहीच्या मागच्या पानावर तू हिशोब मांडलास. फी, हॉस्टेल, आणि वेगळ्या रकान्यात दोन वर्षांचा न येणारा पगार, तो मी धरलाच नव्हता. आकडा बघून माझे हातपाय गार पडले, पण तू तो लपवला नाहीस याचे आभार सगळ्यात जास्त.

आणि बाबा! ते तर कलमांची जमीन तारण ठेवायला निघाले होते. तू त्यांना शेजारी बसवून सांगितलंस की ७.५ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, तुम्ही सहकर्जदार म्हणून सही करा, कलमांना हात लावू नका. हप्ता कोर्स संपून वर एक वर्ष झाल्यावर सुरू होतो पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, ते जमेल तसं भरत राहा, हेही तूच सांगितलंस. साठवलेल्या पैशांतून दर महिन्याला भरतेय.

कॅटचे, म्हणजे एमबीएच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेचे, फॉर्म सप्टेंबरात बंद होतात, आपल्याकडे सगळे गणपतीत असताना, म्हणून तू त्याच रात्री माझ्याकडून तो भरून घेतलास. नोव्हेंबरात कॅट वाईट गेली. मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही आणि तू एवढंच म्हणालीस की एमबीएसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी, बाकी आहे. मग दर रविवारी रात्री फोन, कितीही दमलेली असलीस तरी, मॉक टेस्टचे मार्क विचारायला. त्या फोनची वाट बघत मी अभ्यास केला, ताई.

एमबीएचं अजून एक वर्ष बाकी आहे, नोकरी कुठे लागेल माहीत नाही, पण कुठल्या कामाची ते ठरलंय.

आईने फणसपोळी आणि आमसुलं तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवलीत. गणपतीला आलीस की ने. ती आरतीची वही पण मी जपून ठेवलीय, तुझ्या आकड्यांखाली माझे खरे झालेले आकडे लिहिलेत, ते बघायचेत तुला.

तुझीच,
वाडीतली धाकटी