पान नऊ

प्रिय विन्या,

कथा हाती पडून दीड महिना झाला आणि मी साधी पोचही दिली नाही. रागावला असशील, ते रास्तच आहे. गुडघा बरा, घरी सगळं ठीक. उत्तर अडलं ते तुझ्या पान नऊवर.

अंतराळ स्थानकाबाहेर थंडाव्यासाठी खेळवलेला अमोनिया गळायला लागतो आणि तुझा अविनाश दोन मिनिटांत अंतराळ-सूट चढवून दार उघडतो. अरे, असा गेलेला माणूस हातात पाना धरायच्या लायकीचा राहायचा नाही! स्थानकात हवेचा दाब आपल्या घरात असतो तेवढाच. सूटमध्ये मात्र त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, आणि तोही निव्वळ ऑक्सिजनचा. जास्त ठेवला तर सूट टायरसारखा टणक होतो, मूठ वळत नाही. पण दाब असा झटक्यात उतरला, की गोटी सोड्याची गोटी आत दाबल्यावर होतं तेच अंगात होतं. रक्तामांसात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे धरतात. आधी सांध्यांत कळा, वाढलं तर पाय लुळे. पाणबुड्यांचा तोच आजार. म्हणून आधी शुद्ध ऑक्सिजन ओढत बसायचं, श्वासावाटे नायट्रोजन निघून जाईपर्यंत. अमेरिकेच्या जुन्या स्पेस शटल यानात केबिनचा दाब आदल्या दिवशी उतरवलेला नसेल, तर यात 4 तास जायचे. पुढे स्थानकात मास्क लावून सायकल मारायचे, नंतर सूटमध्ये शिरल्यावर पाय हलवत राहायची पद्धत आली. तरीही हिशेब तासांचाच.

आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर खरी गळती 9 मे 2013 ला झालीच होती. अमोनियाचे पांढरे कण खिडकीतून दिसत होते. दोघे अंतराळवीर पंप बदलायला बाहेर पडले 11 तारखेला, आणि ती विलक्षण घाई मानली गेली.

"वाचक कंटाळेल," म्हणशील. एकांकिकेच्या वेळीही हेच म्हणाला होतास, आणि अण्णांसमोर आपण किती भांडलो! विन्या, तुझी कथा त्या थांबण्यातच आहे. बाहेर गळतंय, याला दिसतंय, आणि हा ऑक्सिजन ओढत बसलाय. तिथे दोन पानं दे.

अकराव्या पानावरचा गालावरून ओघळणारा अश्रू मात्र काढ. तिथे अश्रू ओघळत नाही, डोळ्यावरच गोळा होऊन बसतो. 2001 मध्ये यानाबाहेर काम करताना कॅनडाचा अंतराळवीर ख्रिस हॅडफिल्ड याच्या डाव्या डोळ्यात हेल्मेटच्या काचेवरचं धुकं-रोधक द्रावण गेलं. डोळ्यात साचलेलं पाणी नाकाच्या दांड्यावरून सरकत उजव्या डोळ्यात गेलं, दोन्ही डोळे मिटले. हेल्मेटच्या आत हात नेता येत नाही, पुसणार कशाने? अविनाशला रडवायचंच असेल तर असं रडव.

वहिनींची बदली रत्नागिरीलाच ना? घर मिळालं का? छोटीला आशीर्वाद.

दिवाळी अंक छपाईला जायच्या आत नवं पान नऊ पाठव. या वेळी त्याच दिवशी वाचतो.

तुझा,
श्री