‘सापेक्ष’ म्हणजे ‘ज्याचे त्याने बघावे’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘सारे काही सापेक्ष’ हा लेख वाचला. योग्य-अयोग्य हे ज्या त्या समाजाच्या मान्यतेवर ठरते, असे त्याचे म्हणणे. भाषा ओघवती आहे, यात वाद नाही. पण निष्कर्ष पहिल्याच परिच्छेदात ठरवून पुढे त्याला टेकू शोधलेले दिसतात, आणि त्यातले निम्मे टेकू विरुद्ध बाजूच्या भिंतीला लागले आहेत.

आइन्स्टाइनला यात ओढायचे कारण नव्हते. सगळेच सापेक्ष असल्याचे त्याने सिद्ध केले, असे लेखक म्हणतात. १९०५ चा तो सिद्धांत दोन न बदलणाऱ्या गोष्टींवर उभा आहे: समान वेगाने सरळ जाणाऱ्या सर्व निरीक्षकांना निसर्गाचे नियम सारखेच आणि निर्वातातला प्रकाशाचा वेगही सारखाच, सेकंदाला सुमारे २,९९,७९२ किलोमीटर. या दोन गोष्टी अढळ धरल्या म्हणून काळ आणि अंतर मोजणाऱ्यागणिक बदलतात, आणि तेही सूत्राबरहुकूम. जीपीएस उपग्रहावरचे घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. तिथे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून ४५ पुढे. उपग्रहाला वेग आहे, म्हणून ७ मागे. हा हिशेब कोणाच्या मतावर सोडलेला नाही, म्हणून तर मोबाइलचा नकाशा चालतो. नीतीतला सापेक्षतावाद नीट मांडणारे अमेरिकन तत्त्वज्ञ गिल्बर्ट हार्मन यांनीही गतीचीच उपमा घेतली आहे, पण गती कशाच्या तुलनेत ते सांगावे लागते, तसे ‘कोणत्या चौकटीतून ते आधी सांगा’ एवढ्याच अर्थाने.

आता कौशिकाकडे येतो, कारण खरा संताप तिथला आहे. कर्णपर्वातली ही कथा लेखकाने ‘सत्यही सापेक्ष’ म्हणून वापरली. सदैव खरेच बोलायचे हे तपस्वी कौशिकाचे व्रत. लुटारूंच्या भीतीने पळालेली माणसे त्याच्या देखत रानात लपतात, मागोमाग लुटारू येऊन विचारतात, कौशिक खरे ते सांगून टाकतो. माणसे मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. श्रीकृष्ण हे अर्जुनाला सांगतो ते अर्जुन ‘गांडीव दुसऱ्याला दे म्हणेल त्याला मारीन’ या स्वतःच्या प्रतिज्ञेपायी युधिष्ठिरावर तलवार उपसून उभा असताना. (त्यावर निघालेली तोड, म्हणजे वडील भावाला अरेतुरे केले की तोच वध समजावा, ही तर कोणत्याही वकिलाने शिकावी अशी.)

आता बघा. कौशिक स्वतःच्या मापाने चोख वागला होता. ज्याचे माप त्याच्यापुरते खरे असेल, तर त्याला नरक कशाला? श्रीकृष्ण ‘तुझ्या दृष्टीने बरोबर, माझ्या दृष्टीने चूक’ असे म्हणत नाही. कौशिक चुकला, त्याला धर्म कळला नाही, असे सरळ सांगतो. म्हणजे कथा लेखकाच्या विरुद्ध साक्ष देते आणि लेखक तिलाच आपला साक्षीदार म्हणून उभे करतात!

घोळ दोन शब्दांचा आहे. निरपवाद म्हणजे ज्याला अपवादच नाही असे. निरपेक्ष म्हणजे कोणाच्या मान्यतेवर न टिकणारे. कौशिकाची कथा ‘खरे बोलावे’ या नियमाचे निरपवादपण मोडते. निरपेक्षपणाला ती हातही लावत नाही. औषधाचे घ्या. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा मुलाच्या वजनावर, किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत. दहा किलोच्या मुलाला १५०, वीस किलोच्या मुलाला ३००. मात्रा बदलली ती वजनाने. घरच्यांना काय वाटते त्याने नाही, आणि दहा किलोच्या मुलाला ३०० देणे हे सगळे घर एकमताने म्हणाले तरी चूकच. परिस्थितीनुसार उत्तर बदलते, ते असे.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ मध्ये नेमका असाच प्रसंग घेतला. दारात खुनी उभा आहे, आत तुमचा मित्र लपला आहे. तरी खोटे बोलू नये, असे त्याचे उत्तर. बहुतेकांना ते पटत नाही, मलाही नाही. पण कांट आणि श्रीकृष्ण यांचा वाद बरोबर उत्तर कोणते यावर आहे. बरोबर उत्तर असते, हे दोघांनाही मान्य.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसची गोष्टही लेखात अर्धीच आली. आईबापांची प्रेते जाळणारे ग्रीक आणि खाणारे कॅलाटी जमातीचे लोक एकमेकांच्या रीतीने हादरतात, हे खरे. पण मृतांचा मान राखलाच पाहिजे, यावर दोघेही इतके ठाम आहेत की इराणचा राजा दरायस कितीही पैसे देऊ करो, ऐकत नाहीत. रीत वेगळी, तत्त्व एक. शिवाय मते वेगळी आहेत एवढ्यावरून कोणीच चूक नाही असे निघत नाही. बेरजेची दोन उत्तरे आली म्हणून दोन्ही बरोबर ठरतात का?

लेखक एक साधी तपासणी करू शकले असते. ‘चूक’ या शब्दाच्या जागी ‘आमच्या समाजात अमान्य’ घालून वाक्य पुन्हा वाचायचे. गुलामगिरी सर्वमान्य असलेल्या समाजातला सुधारक म्हणतो, ‘आपली ही प्रथा चूक आहे.’ त्याचे होते, ‘आपल्याला मान्य असलेली ही प्रथा आपल्याला अमान्य आहे.’ म्हणजे प्रत्येक सुधारक व्याख्येनेच खोटा. यावर मुरलेल्या सापेक्षतावाद्यांकडे उत्तर असते: त्याच समाजाच्या खोल तत्त्वांशी ती प्रथा विसंगत आहे, एवढेच सुधारक दाखवतो. उत्तर विचार करण्याजोगे आहे. लेखात त्याचा मागमूस नाही.

उलट शेवटी ‘म्हणून सर्वांनी सर्व संस्कृतींचा आदर केलाच पाहिजे’ असा आदेश आहे. हा ‘केलाच पाहिजे’ कोणाच्या सापेक्ष? ज्या समाजाची नीतीच असहिष्णुतेची, त्याला तो कसा लागू होतो? १९४७ मध्ये अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने मानवी हक्कांवरच्या निवेदनात संस्कृतींच्या आदराचा असाच आग्रह धरून हीच अडचण ओढवून घेतली आणि १९९९ मध्ये मानवी हक्कांच्या बाजूने जाहीरनामा स्वीकारला.

जाता जाता, लेखाखालची चौकट: ‘योग्य-अयोग्य सापेक्ष असते का? होय / नाही / सांगता येत नाही.’ टक्केवारी उद्या छापणार म्हणे. ‘नाही’ला बहुमत मिळाले, तर लेखकांच्याच न्यायाने या वर्तमानपत्राच्या वाचकांपुरती नीती निरपेक्ष झाली असे समजायचे का?

आणि लेखात एकदा ‘नितीशास्त्र’, एकदा ‘नीतीशास्त्र’ आणि एकदाच ‘नीतिशास्त्र’ छापले आहे. सुटा शब्द ‘नीती’. समासात पहिल्या पदातली ‘ति’ ऱ्हस्व. हे नियम माणसांनीच बसून ठरवलेले, उद्या बदलता येतील. सापेक्षच म्हणा हवे तर. पण ते चालू असेपर्यंत तिन्ही रूपे एकाच पानावर बरोबर असू शकत नाहीत. मुद्रितशोधकांना कळवावे.

आपला,
एक नियमित वाचक