अपील पुनर्प्रवेशाचे, चूक जुन्या आदेशात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हद्दपार झालेल्या भारतीयांना घेऊन अमेरिकेचे लष्करी विमान ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरले, तेव्हा बेड्यांची भरपूर चर्चा झाली. हद्दपारीचा तो कागद पुढे काय करतो, यावर फारसे कोणी बोलले नाही. 'पुन्हा पाठवतो' म्हणणारा एजंट तर सांगणारच नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

हद्दपार झालेला माणूस परवानगीविना पुन्हा शिरला, शिरताना पकडला गेला किंवा नुसता आत सापडला, तरी तिथल्या संघीय कायद्याचे कलम १३२६ लागते. कमाल शिक्षा २ वर्षे. आधी 'फेलनी' (गंभीर गुन्हा) सिद्ध झालेली असेल तर १०, 'अॅग्रॅव्हेटेड फेलनी' (स्थलांतर कायद्याने त्याहून गंभीर मानलेला गुन्हा) असेल तर २०. बोटांचे ठसे आणि जुनी फाइल एवढ्यावर सरकारी वकिलाचे काम बहुधा भागते. त्यामुळे बहुतेक आरोपी गुन्हा कबूल करतात.

मग अपिलात लढायचे कशावर? सर्वांत वजनदार मुद्दा म्हणजे मूळ हद्दपारीच बेकायदा होती. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये मेंडोझा-लोपेझ खटल्यात हा बचाव मान्य केला. १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याला तीन अटी लावल्या: उपलब्ध प्रशासकीय दाद मागून झालेली असावी, कोर्टात जाण्याची संधी नाकारली गेलेली असावी आणि आदेश मुळातच अन्यायकारक असावा. तिन्ही एकदम हव्यात, असे २०२१ मध्ये पालोमार-सँटियागो खटल्यात एकमताने ठरले. त्या गृहस्थांना दारू पिऊन गाडी चालवल्याच्या गुन्ह्यावरून १९९८ मध्ये हद्दपार केले होते. असा गुन्हा हद्दपारीला कारण ठरलेल्या 'अॅग्रॅव्हेटेड फेलनी'च्या वर्गात बसतच नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये सांगितले. तरीही आदेश चुकीचा होता एवढ्याने पहिल्या दोन अटी माफ होत नाहीत, असा निकाल लागला. न्यायाधीशाची चूक वकील नसलेल्या माणसाने जागच्या जागी ओळखावी, ही अपेक्षा आमच्या मते फारच कठोर आहे. पण कायदा आज तोच आहे.

दुसरा मुद्दा शिक्षेच्या हिशेबाचा. रोझालेस-मिरेलेस खटल्यात एकच जुना गुन्हा दोनदा मोजला गेला आणि ७०–८७ महिन्यांऐवजी ७७–९६ महिन्यांची मार्गदर्शक चौकट लागली. शिक्षा ७८ महिन्यांची झाली. खालच्या कोर्टात कोणीही हरकत घेतली नव्हती, तरी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही चूक दुरुस्तीयोग्य ठरवली. जुन्या शिक्षांची यादी ओळ न् ओळ तपासावी ती याचसाठी.

जुना गुन्हा ज्यूरीपुढे सिद्ध झाला नाही, ही तक्रार मात्र बहुतेक वेळा उपचारापुरतीच असते. जुना गुन्हा न्यायाधीशानेच ठरवला तरी चालते, असे सांगणारा १९९८ चा अल्मेंडारेझ-टोरेस निकाल आड येतो. वकील तसे मान्य करून, तो कधी बदललाच तर हक्क शाबूत राहावा म्हणून मुद्दा नोंदवून ठेवतात.

खरे नुकसान होते ते मुदतीत आणि सहीत. आरोपीला अपिलाची नोटीस निकाल नोंदवल्यापासून १४ दिवसांत द्यावी लागते. विनाशर्त कबुली दिली की जुन्या आदेशावरचा आक्षेप सहसा तिथेच संपतो; तो राखायचा तर कोर्टाच्या आणि सरकारच्या संमतीने सशर्त कबुली लेखी घ्यावी लागते. करारात अपिलाचा हक्क सोडलेला असला, तरी अशिलाने सांगितल्यावर वकिलाने नोटीस दाखल केलीच पाहिजे, हे २०१९ च्या गार्झा निकालाने स्पष्ट आहे.

ज्यांची हद्दपारीची सुनावणी आत्ता चालू आहे, त्यांनी 'अपील नको' या रकान्यावर समजून न घेता सही करू नये. परत आलेल्यांनी आदेशाची प्रत जपून ठेवावी आणि प्रवेशबंदी ५, १०, २० वर्षांची की कायमची, हे त्यावरून वकिलाकडून ठरवून घ्यावे. त्या काळात जायचेच असेल तर आय-२१२ अर्जाने आधी परवानगी घ्यावी लागते. ती मिळाली तरी व्हिसा वेगळा मागावा लागतो.

आपला,
एक वाचक