दारात आलेल्याचे काय करायचे?

महामारीतल्या साहित्याचा विषय निघाला की लेखिका ज्युलिया अल्वारेझ यांचे नाव आपल्याकडे सहसा कोणी घेत नाही. बालपण डॉमिनिकन प्रजासत्ताकात, १९६० मध्ये हुकूमशाहीतून कुटुंबासह अमेरिकेत पलायन, पुढे मुक्काम व्हरमाँटला. हैतीच्या सीमेवर, डॉमिनिकन सैन्याने १९३७ मध्ये केलेल्या हैतीवासीयांच्या हत्याकांडाची आठवण जागवत मेणबत्त्या घेऊन जमण्याचा उपक्रम सुरू करणाऱ्यांतल्या त्या एक.

त्यांची ‘आफ्टरलाइफ’ ही कादंबरी आली ७ एप्रिल २०२० रोजी, माणसे घरात कोंडलेली असताना. लिहून झाली होती कोरोनाआधीच, पण प्रश्न नेमका त्या वर्षाचा. नायिका नुकतीच विधवा झालेली निवृत्त प्राध्यापिका. शेजारच्या गोठ्यावर कागदपत्रांविना राबणारा मेक्सिकन पोरगा तिच्याकडे मदत मागतो. पुढे तिच्याच गॅरेजात एक गरोदर मुलगी सापडते. अल्वारेझ नायिकेला संत करत नाहीत. ती कचरते, टाळते, मनात हिशेब मांडते. मला ते फार खरे वाटले. (टाळेबंदीत बेल वाजली की मीही आधी खिडकीच्या फटीतूनच बघायचो!)

ही कादंबरी मराठीत यायला हवी. कोणी प्रकाशक मनावर घेईल का?

– एक वाचक, सातारा