मांगरातला खारा बांगडा

प्रिय बाळ्या,

चार महिने पत्र नाही, फोनही तुटक. रागावला असशील. इकडे ठीक, माझी कंबर धरते अधूनमधून, एवढंच.

काल रात्री अण्णांना परसातल्या मांगरात पकडलं. वास आला म्हणून बॅटरी घेऊन गेलो, तर निखाऱ्यावर खारा बांगडा आणि शेजारी पेजेचा वाडगा. मी बांगडा उचलून पागोळीत भिरकावला. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. हात धुतले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. बाळ्या, त्याच हातांनी आपल्याला पेडव्याचे काटे काढून भरवलंय.

किडनीच्या दुखण्यात डॉक्टरांनी मासे बंद केलेले नाहीत रे. डायलिसिस लागत नाही तोवर किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रथिनं. अण्णा ५५ किलोचे, म्हणजे दिवसाला ३३ ते ४४ ग्रॅम. शंभर ग्रॅम सुरमईत वीसेक जातात, डाळ-भातही त्यातच मोजायचा. म्हणून लहानशी तुकडी चालते. मोतयाळे काट्यासकट नकोत, फॉस्फरस वाढतो. सोलकढी नारळाच्या रसामुळे जपूनच. पण खरं भांडण मिठाशी आहे. दिवसभराचं सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, आणि एका खाऱ्या बांगड्यात त्यातलं बहुतेक संपतं. अण्णा म्हणतात, "मीठ नाय तर मासो कसलो?"

त्यावरून आठवलं, तू पाठवलेलं ते कमी सोडियमचं मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घालतात, आणि अण्णांचं पोटॅशियम तेव्हाच वाढून ५.६ होतं. मी तुला नको ते बोललो, फोन आपटला. तू मायेनं पाठवलंस हे तेव्हाही कळत होतं. पाकीट तुझं होतं हे अण्णांना सांगितलेलं नाही. कळलं तर चोरलेल्या शहाळ्यांसारखा याचाही हिशोब मागतील तुझ्याकडे!

त्यात मासेमारीची पावसाळी बंदी ३१ जुलैपर्यंत. ताजी मासळी रोज कुठून आणू? पावसाळ्यात सुक्यावरच जगलेला माणूस तो. मी करतोय ते बरोबर आहे, रिपोर्टही तेच सांगतात. तरी काल बापाच्या तोंडातला घास काढला, हे डोक्यातून जात नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणते, बरं केलंत. बरं केलं हे मलाही ठाऊक आहे.

आज खाडीचे शेवटे मासे मिळाले. बिनमिठाचं तिखलं केलं. तिरफळं, लसूण, दोन आमसुलं. अण्णांनी मुकाट्यानं अर्धी तुकडी खाल्ली. मग म्हणाले, "तिरफळां बरी पडली." कालपासूनचं पहिलं वाक्य.

तुझी बदली टळली का? वहिनींचा डोळा कसा आहे? धाकटीच्या प्रवेशाचं कळव.

नारळी पौर्णिमेला ये. घरातले उरलेले अकरा बांगडे डब्यात घालून मी तुमच्या बंद घरात ठेवलेत, किल्ली माझ्याकडे आहे. आलास की घेऊन जा. अण्णा सकाळपासून दोनदा त्या बाजूला फेरी मारून आलेत.

तुझा,
आबा