उद्याची उपकरणं ठीक, आजची तार कुठे मिळेल?

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतलं उद्याच्या आरोग्य-उपकरणांवरचं पान वाचलं. समोरच्याचं बोलणं ऐकून त्याची अक्षरं भिंगावर उमटवणारा चष्मा, सुई न टोचता साखर सांगणारं घड्याळ, पायांना बांधून जिना चढवणारा सांगाडा, सगळं वाचलं. लेखकाने मेहनत घेतली आहे, चित्रंही छान आहेत. पण यातलं एखादं उपकरण बिघडलं तर ते कुठे न्यायचं, याबद्दल अख्ख्या पानावर एक ओळ नाही. ज्याच्या घरात असं उपकरण रोज वापरात आहे त्याला पहिला प्रश्न हाच पडतो. सोमवारी सकाळी हे पत्र लिहायला बसलो ते त्या रागातच.

मी तपकीर गल्लीत बरीच वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं, त्यामुळे काय दुरुस्त होतं आणि काय होत नाही हे मला कळतं. आमच्या सौ.च्या दोन्ही कानांना मशीन आहे. तिचं ऐकणं पूर्ण गेलेलं नाही, वरच्या कंपनसंख्येचे आवाज गेले आहेत. त्यामुळे स, श, फ तिच्यापर्यंत पोचत नाहीत. मंडईत भाजीवाल्या मावशी 'साठ' म्हणाल्या की हिला 'आठ' ऐकू येतं. मशीन लावलं की 'स' परत येतो आणि ती घासाघीस करायला मोकळी होते.

ऐन पावसाळ्यात उजव्या कानाचं मशीन बंद पडलं. या मशीनचा मुख्य भाग कानामागे बसतो, त्यातून एक बारीक तार निघते आणि तारेच्या टोकाला कानात जाणारा चिमुकला स्पीकर असतो. त्याला रिसीव्हर म्हणतात. मी डावीकडची तार काढून उजव्या मशीनला लावून पाहिली. आवाज स्वच्छ आला. म्हणजे मशीन ठणठणीत होतं, गेला होता तो फक्त रिसीव्हर. घाम, दमट हवा आणि कानातला मळ यांपुढे हा भाग फार टिकत नाही, हे बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच तो काढता-घालता येईल असा बनवलेला असतो.

जिथून जोडी घेतली त्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने मॉडेल नंबर संगणकावर टाकला आणि म्हणाला, "काका, हे मॉडेल बंद झालंय. याचा रिसीव्हर येत नाही आता. नवीन जोडी घ्या, एक्स्चेंजमध्ये बसवून देतो."

"जोडी कशाला? डावं चालतंय की."

"नवीन मशीन जुन्याशी बोलत नाही, काका. दोन्ही बदलावी लागतात."

सव्वा लाखाची जोडी एका तारेपायी टाकून द्यायची! दुसरीकडे चौकशी केली. तेवढ्याच ताकदीचा दुसऱ्या कंपनीचा रिसीव्हर होता, पण त्याच्या पिना वेगळ्या. तिथल्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, निदान हिच्या मशीनचं सेटिंग आणा, आमच्याकडच्या एका जुन्या मशीनमध्ये भरून तात्पुरतं देते. परत पहिल्या दुकानात गेलो. ऑडिओग्रामचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाचा, कागद मिळाला, सेटिंग मिळालं नाही. "ते आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतं." कान हिचे, पैसे आमचे, आणि तिच्या कानाला बसवलेलं माप मात्र दुकानाच्या संगणकात कुलूपबंद. वर कंपनीकडे तक्रार करायची तर ती फक्त फोनवर. एक दाबा, दोन दाबा. कमी ऐकू येणाऱ्या माणसांना वस्तू विकणाऱ्यांनी तक्रार घ्यायला लेखी मार्ग ठेवू नये, याचा मला मनापासून संताप येतो.

आता ती एकाच कानावर चालवते आहे. आपल्याला आवाजाची दिशा कळते ती दोन कानांमुळे. परवा शनिपाराजवळ रस्ता ओलांडताना हिला हॉर्न ऐकू आला, पण कुठून ते उमगलं नाही, आणि ती नेमकी रिक्षाच्याच बाजूला सरकली. रिक्षावाल्याने ब्रेक मारला म्हणून निभावलं. मागून तो ओरडलाही, 'आजी, ऐकू येत नाही का?' त्या दिवसापासून ती एकटी लक्ष्मी रोडला जायला तयार नाही.

हे फक्त कानाच्या मशीनचं आणि फक्त पुण्याचं दुखणं नाही. अमेरिकेत सेकंड साइट नावाच्या कंपनीने आंधळ्या माणसांच्या डोळ्यांत बसवायचं आर्गस-२ नावाचं यंत्र काढलं. चष्म्यावर कॅमेरा आणि डोळ्याच्या पडद्यावर ६० इलेक्ट्रोड. २०१३ मध्ये त्याला तिथल्या सरकारची मान्यता मिळाली, जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांनी शस्त्रक्रिया करून ते बसवून घेतलं. पुढे कंपनीने ते बनवणं थांबवलं, २०२० मध्ये तिचं दिवाळं निघायची वेळ आली, आणि ही माणसं डोळ्यात यंत्र घेऊन दुरुस्तीविना राहिली. आर्गससुद्धा एके काळी अशाच एखाद्या रविवारच्या पानावर 'उद्याचं उपकरण' म्हणून छापून आलं असेल.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. त्यासाठी चार क्षेत्रं निवडली: शेतीची यंत्रं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. ट्रॅक्टर आला, वॉशिंग मशीन आलं. माणसाच्या अंगावर चालणारी मशीनं त्या चारांत नाहीत. टीव्ही बंद पडला तर बातम्या चुकतात. कानाचं मशीन बंद पडलं तर माणूस घरात बसतो. मग आधी कशाचा विचार व्हायला हवा होता?

आणि दुरुस्त होणारं उपकरण बनवता येत नाही असं कुणी मला सांगू नये. जयपूर फूट १९६८ च्या सुमारास उभा राहिला, कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या हातून. रबर, लाकूड, स्थानिक कारागिराला जमेल असं काम. तो लावून माणूस मांडी घालतो, उकिडवा बसतो, शेतात अनवाणी चालतो, आणि झिजला तर पुन्हा करून घेता येतो. आपल्या वानवडीत १९४४ पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. तुमच्या वार्ताहराने तिथल्या कार्यशाळेत जाऊन विचारावं, पाय बसवल्यावर काम संपतं की तिथून सुरू होतं.

मलाही कल्पना सुचतात, त्या छापा. युरोपने २०२४ अखेरपासून मोबाइलला एकच टाइप-सी पिन सक्तीची केली. तशी सगळ्या कंपन्यांच्या रिसीव्हरला एकच पिन करा. मशीन विकताना सेटिंगची प्रत गिऱ्हाइकाच्या हातात द्या, दुसरीकडे उघडेल अशी. हिच्या जुन्या मशीनला तपकिरी पट्टीचा ३१२ नंबरचा सेल लागायचा. पट्टी सोलली, सेल घातला, झालं. नवीन मशीनमध्ये चार्जिंगची बॅटरी आतच चिकटवलेली आहे, ती थकली की अख्खं मशीन थकलं. ती गिऱ्हाइकाला नाही तर निदान दुरुस्तीवाल्याला बदलता आली पाहिजे. यात कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही, चार स्क्रू लागतात.

आणखी एक. ते पान तुम्ही आकाशी रंगावर पांढऱ्या बारीक अक्षरांत छापलं होतं. ज्यांच्यासाठी ही उपकरणं आहेत त्या वयाच्या माणसाला ते वाचता येत नाही. मी टेबल लॅम्पखाली धरून वाचलं, सौ.ला वाचून दाखवावं लागलं. शब्दकोड्याचे चौकोनही तुम्ही हल्ली लहान केले आहेत. पुढच्या रविवारी दुसरा भाग येणार असं खाली लिहिलं आहे. तो पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत छापा, आणि प्रत्येक उपकरणाच्या चित्राखाली बनवणाऱ्याला विचारून दोन गोष्टी लिहा: सुटे भाग किती वर्षं मिळतील, आणि पुण्यात ते दुरुस्त कोण करतो.

आपला,
तपकीर गल्लीतला एक जुना दुरुस्तीवाला,
नारायण पेठ, पुणे ३०